वेबसाइटवरचा नगारा

“दिवस मावळायच्या आत माझ्या वेबसाइटमधल्या झाडून सगळ्या लिंकांची यादी काढून आणा! आणि खबरदार, एक जरी पान उघडलंत तर!”

धैर्यधर महाराजांनी हुकूम सोडला आणि आंबेगडच्या दरबारात सगळ्यांचे चेहरे उतरले.

हुकूम विचित्र होता खरा, पण त्याला कारणही तसंच होतं. दुसऱ्या दिवशी शेजारचे राजे पाहुणे म्हणून यायचे होते. आपल्या वेबसाइटवर प्रजेसाठी किती वाटा मोकळ्या आहेत, हे महाराजांना त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. म्हणून सकाळपासून कारकून एकेक पान उघडून त्यातल्या लिंका टिपत बसले होते. पण महाराजांच्याच हौसेनं प्रत्येक पानाला नगारा लावलेला! पान उघडलं की ‘धडाड् धूम!’ दुपारी महाराज जरा आडवे झाले, तर डोळ्याला डोळा लागेना. आता जेवणानंतरची झोप मोडली की कोणाचं डोकं ठिकाणावर राहतं?

“महाराज,” प्रधानजींनी हात जोडले, “पान न उघडता आतल्या लिंका दिसणार कशा? निदान नगारा तरी बंद करू या.”

“नगाऱ्याला हात लावायचा नाही! ती माझी शान आहे!”

तेवढ्यात दाराशी ताटकळलेली कुंभाराची बायजा पुढे सरकली. पाहुण्यांसाठी वेशीवर बांधलेलं झेंडूचं तोरण तिच्या गाढवानं, म्हणजे गुणाजीनं, फस्त केलं होतं. शिपायांनी त्याला उचलून कोंडवाड्यात टाकलं. गुणाजी नाही तर नदीवरून माती येणार नाही, माती नाही तर चाक फिरणार नाही, आणि चाक थांबलं की घरची चूलही थांबली!

“महाराज, माझं गाढव...”

“तक्रार वेबसाइटवर कर!” प्रधानजी खेकसले.

“केली हो! बटण दाबून दाबून बोट झिजलं माझं.”

“खोटं!” महाराज कडाडले. “माझ्या राज्यात आजवर एकसुद्धा तक्रार आलेली नाही. विचार प्रधानजींना!”

प्रधानजींनी जोरजोरात मान हलवली. जरा जास्तच जोरात, असं बायजाला वाटलं.

“महाराज, लिंका मी काढून दिल्या तर गुणाजीला सोडाल?”

कारकुनांत एकच हशा पिकला. थोरला कारकून म्हणाला, “ए बाई, लिंक म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?”

“तुम्हाला माहीत आहे ना, दादा? मग सकाळपासून कुठवर पोचलात?”

थोरल्या कारकुनानं हातातली अर्धवट यादी पाठीमागे लपवली.

“कबूल!” महाराज म्हणाले. “पण नगारा एकदा जरी वाजला, तर तुझं गाढव जन्मभर राजवाड्याचा कचरा वाहील!”

बायजा पायरीवर बसली. पदराच्या गाठीतून मोबाइल काढला. मोठमोठ्या बाजारांच्या वेबसाइटवरून माठ घेणाऱ्या दुकानांचे पत्ते ती अशीच शोधायची. एक ऑनलाइन साधन होतं, तेही फुकटचं. त्यातल्या चौकोनात वेबसाइटचा पत्ता चिकटवायचा आणि बटण दाबायचं. पान समोर उघडायची गरजच नाही. ते साधन आपलं आपण आत डोकावतं आणि लिंका तेवढ्या निवडून खाली ओळीनं मांडतं, तांदळातले खडे निवडावेत तसं. दरबारचे मोठमोठे जाहीरनामे होते, त्यांच्या फाइलीही तिनं कारकुनांकडून घेऊन त्यात घातल्या. आतल्या लिंका निमूट बाहेर आल्या.

नगारा? छे! वरच्या मजल्यावरून ऐकू येत होतं ते फक्त महाराजांचं घोरणं.

दिवस कलला तसे महाराज आळस देत, ताजेतवाने होऊन खाली आले. पाहतात तो काय, यादी तयार!

“महाराज, ही लबाडी आहे!” थोरला कारकून उसळला. “काम त्या साधनानं केलं. हिनं काय केलं?”

“दादा, मडकं घडवताना फिरतं ते चाकच. म्हणून काय तुम्ही पैसे चाकाच्या हातात ठेवता?”

महाराज मिशीत हसले. “सगळ्या लिंका आल्या ना, पोरी?”

“सगळ्या आल्या, महाराज. फक्त एक सापडेना.”

“कोणती?”

“तुमच्यापर्यंत पोचणारी!”

प्रधानजींना एकदम ठसका लागला. बायजानं यादी महाराजांसमोर धरली. “प्रत्येक लिंकेपुढे ती कुठं जाते ते आलंय, बघा. पाण्याची तक्रार, तर हत्तीवर बसलेल्या तुमच्या चित्राकडे. रस्त्याची तक्रार, पुन्हा हत्तीवरचे तुम्ही. कोंडवाड्याची तक्रार, तिथंही हत्तीवरचे तुम्हीच! मी आपली गाढव मागायला जाते आणि दर वेळी हत्ती बघून परत येते!”

“प्रधानजी!”

“महाराज... तक्रारी ऐकल्या की आपली झोप उडते, म्हणून मी...”

महाराज धपकन सिंहासनावर बसले. “आता उद्या पाहुण्यांपुढे काय मिरवू? पोरी, यातून वाटही तूच काढ. पण माझी शान जाता कामा नये!”

“अगदी सोपं आहे, महाराज. सगळ्या पानांवरचा नगारा काढा आणि एकट्या तक्रारीच्या लिंकेला लावा. तीही सरळ तुमच्या महालात जोडा.”

“अगं, पण मग तक्रार आली की माझी झोप मोडेल!”

“मोडू दे की, महाराज! आमची तर रोज मोडते, तीसुद्धा नगाऱ्याशिवाय!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले की मुकुट घरंगळून मांडीवर आला!

“लावा रे नगारा! आत्ताच्या आत्ता! पाहुण्यांना उद्या हाच ऐकवू! आणि हिचे सगळे माठ राजवाड्यासाठी घ्या, रोख पैसे मोजून!”

गुणाजी कोंडवाड्यातून सुटला, तो गळ्यात झेंडूचा हार आणि पाठीवर हरभऱ्याचं पोतं घेऊन. त्याचं दावं धरून त्याला कुंभारवाड्यापर्यंत पोचवायचं काम महाराजांनी प्रधानजींना दिलं. वाटेत गुणाजीनं गळ्यातला हारही खाऊन टाकला. प्रधानजींनी ते पाहिलं, पण तक्रार काही केली नाही!