कोंडाईची हाक

म्हसोबाच्या सड्यावर माणसांपेक्षा म्हशींच्याच वाटा जास्त होत्या, तेव्हाची ही गोष्ट. माझा दादा ती सांगायचा. आता दादा नाही, म्हणून मी सांगतो. तो सावकाश सांगायचा, मधेच थांबून ऐकणाऱ्यांची तोंडं बघायचा. मला तसं जमत नाही. मी सरळ सांगून टाकतो.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. त्याच्या एका टोकाला आमची कारवटवाडी. दुसऱ्या टोकाला दरी, आणि दरीपलीकडे उभा काळा कडा. आषाढापासून भादव्यापर्यंत सड्यावर धुकं असतं. म्हशीची शेपटी हातात असते आणि म्हैस दिसत नाही, असं ते धुकं.

त्या कड्यात चकवा राहतो, असं म्हणतात. वाडीतून कुणी हाक मारली की चकवा तीच हाक कड्यातून मारतो. धुक्यात सापडलेल्या माणसाला दोन्हीकडून आपलं नाव ऐकू येतं. एक हाक घराची असते आणि एक दरीची. पण चकव्याचा दम कमी. दोन हाकांत त्याचा श्वास संपतो. म्हणून वाडीची रीत अशी होती, की हाक मारायची ती लागोपाठ तीनदा, एका ठेक्यात. धुक्यातल्याने जागच्या जागी बसायचं आणि मोजायचं. जिकडून तिसरी हाक आली, तिकडे घर.

तेव्हा वाडीत बयाआत्ती होती. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. भाऊ-भावजय तापात गेले, तेव्हा त्यांची दोन पोरं तिनेच वाढवली. थोरली कोंडी आणि धाकटा बिरू. बयाआत्ती रोज दिवस कलताना वाडीबाहेरच्या धोंड्यावर उभी राहायची आणि सड्यावर असेल त्याला हाक मारायची. तिचा आवाज इतका स्वच्छ, की म्हशीसुद्धा मोजून तिसऱ्या हाकेला वळायच्या, असं म्हणतात.

कोंडी मात्र अडखळायची. शब्द ओठांशी यायचा आणि तिथेच थटायचा. नाव कोंडी, आणि तोंडातही शब्दांची कोंडी, असं वाडी म्हणायची. पोरी हसायच्या.

"कोंडे, तुझ्या लग्नात नवऱ्याचं नाव घेईस्तवर वऱ्हाड जेवून घरी जाईल गं!"

"आनि नवरा बी!" दुसरी म्हणायची.

कोंडीही हसायची, पण घरी येऊन बोलायची नाही. तिच्या जिभेला मधात उगाळलेलं वेखंड लावून झालं. देवीच्या घंटेत पाणी घालून पाजून झालं. जीभ होती तशीच राहिली. वाडीतला म्हातारा धाकलू आजा शहाणा माणूस होता, वाईट नव्हता. त्याने तिला धुक्यात हाक मारायची बंदी केली.

"पोरी, तुझी हाक मोडकी," तो म्हणाला. "बिरू म्हनायला तू चारदा बी-बी करतीस. रानात बसल्यालं मानूस मोजंल काय त्यात? तुझ्यापायी कुनी दरीत जायचं."

बयाआत्ती एकटीच अशी होती, की कोंडी अडखळली तरी तिच्या तोंडातला शब्द ओढून काढायची नाही. हातातली भाकरी थापत राहायची आणि म्हणायची, "सावकाश. मला कुटं जायचंय?"

पण तिला जावं लागलं. एका उन्हाळ्यात बयाआत्ती गेली. तिच्या मातीला बिरू होता. मूठभर माती त्यानेही टाकली. मग मामा आला आणि बिरूला चार महिन्यांसाठी घाटाखाली आपल्या गावी घेऊन गेला. कोंडी एकटी राहिली.

एक दिवस ती झऱ्यावर पाणी भरत होती. आत्तीची फार आठवण आली, म्हणून तिने आत्तीसारखं बोलून बघितलं. "सावकाश. मला कुटं जायचंय?" हुबेहूब आत्ती. आणि एकदाही अडखळली नाही. पुन्हा बोलून बघितलं. शब्द झऱ्याच्या पाण्यासारखे वाहत आले.

त्या दिवसापासून कोंडी बयाआत्तीच्या आवाजात बोलायला लागली. वाडीला आनंद झाला. पोरींचं हसणं थांबलं. ज्या धाकलू आजाने बंदी केली होती, त्यानेच तिचा हात धरून तिला धोंड्यावर चढवलं आणि आत्तीचं काम तिच्याकडे दिलं. रोज दिवस कलताना धोंड्यावरून मेलेल्या आत्तीचा आवाज यायचा आणि माणसं घरी यायची. कोंडीला मान मिळाला. हळूहळू घरातसुद्धा, एकटी असताना, चुलीशी बोलताना ती आत्तीच्याच आवाजात बोलायला लागली. आपला आवाज कसा होता ते ती विसरत चालली होती, असं म्हणतात.

मग श्रावण आला. नागपंचमीला बिरू घरी येणार होता. मामाने त्याला घाटाच्या पायथ्यापर्यंत सोडलं. पुढची वाट सड्यावरून होती आणि ती बिरूच्या पायाखालची होती. "जातो की एकटा," तो म्हणाला, आणि निघाला.

दुपारी चांगलं ऊन होतं. बिरू सड्यावर आला आणि धुकं उतरलं. पुढचं दिसेना, मागचं दिसेना. बिरू वाडीचाच पोरगा. तो पळाला नाही. रीतीप्रमाणे बसला आणि कान लावले.

इकडे वाडीतही धुकं शिरलं. घाटाखालून येऊन म्हशींच्या मागोमाग वाडीत पोचलेल्या एका वाटसराने सांगितलं, की धुक्याआधी पोरगं माझ्या पुढं होतं. सगळी वाडी धोंड्यापाशी जमली. कोंडी वर चढली. तिने आत्तीचा आवाज लावला आणि हाक मारली.

"बिरूऽऽ! बिरूऽऽ! बिरूऽऽ!"

अशी हाक बयाआत्तीनेही कधी मारली नव्हती, असं म्हणतात.

आता बिरूकडे बघा. तो बसला आहे. त्याच्या कानावर हाक येते. एक, दोन, तीन. मोजणी बरोबर. पण आवाज आत्तीचा. त्या आत्तीचा, जिच्यावर त्याने माती टाकली होती. बहिणीने तो आवाज घेतला आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिरूला वाटलं, चकव्याला तिसरी हाक मारता यायला लागली. तो उठला आणि त्या आवाजाकडे पाठ करून पळत सुटला. घर मागे, दरी पुढे.

दादा इथे थांबायचा आणि विडी पेटवायचा. मला दर वेळी राग यायचा.

वाडीला काय झालं ते कळेना. कोंडी हाक मारत होती आणि उत्तर येत नव्हतं. मग दरीच्या अंगाला दगड घरंगळल्याचा आवाज आला. माणसं म्हणाली, "आवाज चढव." तिने चढवला. आणखी दगड घरंगळले. आणखी लांब.

तेव्हा कोंडी गप्प झाली. तिला कळलं. बिरू हरवला नव्हता, बिरू तिच्यापासून पळत होता.

तिने आत्तीचा आवाज टाकला आणि तोंड उघडलं.

"ब्... ब्..."

"थांब!" धाकलू आजाने खालून तिचा पाय धरला. "आत्तीवानी मार! ह्ये आता नगं. पोरगं मोजंल कसं?"

"त्... त्यो आत्तीला भ्... भ्यालाय, आजा."

"मग दुसरं कुनीतरी मारंल. तू उतर."

"म्... म्... माझा भाऊ हाय," कोंडी म्हणाली. "म्... मीच मारनार. म्... माझीच."

आणि तिने पाय सोडवून घेतला. सगळ्या वाडीसमोर, जशी तिची जीभ होती तशा जिभेने तिने हाक मारली.

"ब्... ब्... ब्... बिरूऽऽ!"

कुणी हसलं नाही. सगळे कड्याकडे कान लावून राहिले. चकवा आता ही हाक घेणार, असं सगळ्यांना वाटलं. पण कडा गप्प. चकवा नक्कल करायला गेला आणि त्याचीच जीभ अडकली, असं म्हणतात.

आणि धुक्यातून आवाज आला, "आक्काऽऽ!"

त्याने तीन मोजले नाहीत. दोनसुद्धा मोजले नाहीत. पहिल्या अडखळण्यालाच त्याने ओ दिली. मग कोंडी मारत राहिली आणि बिरू ओ देत राहिला. तिच्या हाकेचं बोट धरून तो एकेक पाऊल वाडीकडे आला. गुडघे फुटले होते. एक वहाण दरीत गेली होती.

"आत्तीनं बोलावलं," तो म्हणाला. "म्हनून पळालो."

"आनि मग रं?" आजाने विचारलं.

"मग आक्का अडखळली." त्याने डोळे पुसले. "चकव्याला अडखळाय येतंय व्हय?"

त्यानंतर कोंडीने आत्तीचा आवाज पुन्हा काढला नाही. लोकांनी विनवण्या केल्या. एक वैदू वाडीबाहेर पाल ठोकून राहिला होता. तो म्हणाला, पौर्णिमेपर्यंत थांबतो, हिची जीभ सरळ करून जातो.

"आनि बिरूनं म्... मला वळखायचं कसं?" कोंडी म्हणाली. वैदूला जेवायला घातलं आणि वाटेला लावलं.

पुढे तिची हाक मोठी होत गेली. ती तीन खोऱ्यांपलीकडे जायची, असं म्हणतात. ती हाक मारायची तेव्हा पाण्यावर आलेलं जनावर मान वर करायचं आणि धुकं वाटेवरून बाजूला व्हायचं. घाटाखालचे व्यापारी सडा ओलांडायच्या आधी वाडीत निरोप धाडायचे, की कोंडाईला सांगा, आम्ही येतोय.

पण ती हाक मारून मोकळी झाली नाही. वाडीतली तरणी पोरं-पोरी संध्याकाळी तिच्याभोवती बसायची. कुणी म्हणायचं, तुझ्यासारखी अडखळती हाक शिकव. ती हसायची.

"ती म्... माझी हाय. तुमची तुम्ही शोधा. मी काय ज्... जन्माला पुरनार न्हाय. रानात एकटं असशीला तवा धोंड्यावर क्... कुनी असंल का नसंल. बसून वाट बगायची न्हाय. आपनच वरडायचं, हितं हाय म्हनून."

मग ज्याने त्याने आपली हाक शोधली. एकाने नाकातली काढली. एकीच्या हाकेत शेवटी खोकला यायचा, तिने तो तसाच ठेवला. एकाचा आवाज फुटत होता, कधी बारीक कधी जाड, आणि त्याला त्याची लाज वाटायची. कोंडाईने त्याला धोंड्यावर चढवून त्याच आवाजात हाक मारायला लावली. धुक्यात कोण कुठे आहे ते न बघता कळायला लागलं. कोंडाई जिती असेपर्यंत आणि त्यानंतरही त्या दरीत वाडीचं माणूस पडलं नाही, असं म्हणतात.

तिचा शेवट असा. ती म्हातारी झाली होती. भादव्यात एक परका सड्यावर अडकला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नाव ठाऊक नसलेल्याला हाक मारायची कशी? कोंडाई म्हणाली, "म्... मग मी माझंच नाव घेते." आणि ती काठी घेऊन, स्वतःच्याच नावाची हाक मारत धुक्यात शिरली. दिवस कलला तेव्हा परका वाडीत आला. म्हणाला, "एक आजी पुढं चालत होती. सारखी क्-क्-कोंडी, क्-क्-कोंडी म्हणत होती. शिवेपाशी मी मागं बघितलं तर नव्हती."

सगळी वाडी धोंड्याकडे धावली. ज्याने त्याने आपापली हाक मारली. उत्तर नाही. मग बिरूला वर चढवलं. तोही आता पिकला होता. तो कधी अडखळत नसे. पण त्या दिवशी त्याने तिला तिच्या जिभेने हाक मारली.

"आ... आ... आक्काऽऽ!"

आणि ज्या कड्याने ही मोडकी हाक आयुष्यात कधी परत दिली नव्हती, त्या कड्याने ती परत दिली. तशीच. अडखळत. बिरू म्हणाला, चकवा गेला. आता तिथं आक्का राहते.

धोंडा अजून आहे. त्याला शेंदूर नाही, देऊळ नाही. पोरगं किंवा पोरगी एकटी सड्यावर जाण्याजोगी झाली, की पहिल्या धुक्याला तिला त्या धोंड्यावर चढवतात. तिथे तिने आपलंच नाव आपल्याच आवाजात घ्यायचं. कसं घ्यायचं ते कुणी सांगत नाही. सांगितलं तर आई-बापालासुद्धा लोक ओरडतात. आणि आमच्या वाडीत बोलताना कुणी अडखळलं, तर त्याचा शब्द दुसरा कुणी पुरा करत नाही. पावसात उभं असलो तरी थांबतो.

आणखी एक रीत आहे. वाडीतलं माणूस गेलं, की त्याच्या जवळच्याने धोंड्यावरून कड्याकडे एक हाक मारायची. ती बिरूसारखी, अडखळती मारायची. परत आली, की माणूस कोंडाईपाशी पोचलं असं धरायचं आणि खाली उतरायचं.

गेल्या कार्तिकात दादासाठी मला चढवलं. चुलते खालून सांगत होते, की अडखळायचं विसरू नको. मला ते मुद्दाम करावं लागलं नाही.

"द्... द्... दादाऽऽ!"

कड्याकडून हाक परत आली, असं म्हणतात. सगळ्यांनी ऐकली. मी ऐकली नाही. मी तेव्हा पुढची मारत होतो.