राजकन्या मोहनमालेच्या छातीवरचा दगड

एक होता राजा. त्याची लेक मोहनमाला. दिसायला चाफ्याची कळी, पण चिमटे काढायला नदीतली खेकडी, बरं का. चिंचेखालच्या शाळेत जायची आणि सगळ्या पोरांना छळायची. राजाची मुलगी, मग तिला बोलणार कोण?

शाळेच्या बाई होत्या साळूबाई. त्यांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, कोपऱ्यात उभं करून पाहिलं. उपयोग शून्य. एक दिवस काय झालं, मोहनमालेनं गोदीची नक्कल केली. गोदी बिचारी बोलताना अडखळायची. ती रडत घरी गेली, ती शाळेत येईचना. मग साळूबाईंनी मोहनमालेच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाल्या, "आजपासून दुसऱ्याला होतं ते तुला होऊ दे."

हात कसला, जादूच होती ती.

मोहनमालेनं धोंडूला चिमटा काढला, तर तिचाच दंड लाल. मग सखूला पाय आडवा घातला. पडली सखू, आणि गुडघा चोळत बसली राजकन्या. मग ती घाबरून गप्प बसली, तर बंडूच्या डोक्यात उवा, आणि कराकरा खाजवतेय कोण? हीच.

मग करते काय? मुकाट्यानं बंडूच्या उवा काढल्या. धोंडू उपाशी आला की हिच्या पोटात कावळे ओरडायचे. मग आपले लाडू त्याला दिले. जेवला तो, ढेकर दिली हिनं.

पण छातीवर एक दगड होता, तो काही हलेना. हे ओझं कुणाचं, ते शोधत शोधत ती गोदीच्या घरी गेली. लाडू दिला. दगड तसाच. सोन्याच्या बांगड्या दिल्या. दगड तसाच. मग शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्याशेजारी बसली.

"गोदे, तुला काय होतंय गं?"

गोदी अडखळली. पुढचा शब्द मोहनमालेच्या अगदी ओठांवर आला होता. तो तिनं गिळला आणि थांबली.

"तू न-न-नक्कल करतेस. मग मला शाळेत यावंसंच वाटत नाही."

"चुकले मी. पुन्हा नाही करणार."

"ब-बघू," गोदी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गोदी शाळेत येऊ लागली आणि आठ दिवस नुसती बघत राहिली. मोहनमालेनं नक्कल केली नाही. दुसरं कुणी हसलं, तर त्यालाही थांबवलं. नवव्या दिवशी गोदी तिच्याजवळ येऊन बसली, आणि दगड उतरला.

साळूबाई म्हणाल्या, "शिकलीस. काढू का जादू?"

"उद्या काढा, बाई. आज गोदीकडे पुरणपोळ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी धोंडूच्या भावाचं बारसं निघालं. मग सखूच्या मावशीचं लग्न. असं करता करता ते राहूनच गेलं.

पुढे ती राणी झाली. राज्यात कुठंही कुणाला ठेच लागली की राणी सिंहासनावर म्हणायची, "आई गं." म्हणून त्या राज्यातले रस्ते फार चांगले होते, आणि माणसं सुखात होती.

चला, मिटा डोळे. आणि बाळू, पांघरूण एकट्यानं ओढू नकोस. ताईलाही थंडी वाजते.