चिमूटभर जवळा

तीस वर्षं बंदरावर मीठ विकतोय मंडळी, शहाणी माणसं बरीच पाहिली. पण चांगुणाबाई कोळणीची सर कुणाला नाही.

एकदा शहरातल्या खाणावळींसाठी वर्षभराचा सुका जवळा ठरवायला लोटलीकरसाहेब आले. एकीकडे दामशेटच्या पोत्यांची थप्पी, दुसरीकडे चांगुणाबाईची चटई. ही मागणी हुकली तर बाईला होडी विकावी लागणार होती. दामशेट वाळत्या मालावर कीटकनाशक फवारतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण सगळ्या बंदराला बर्फ पुरवणारा कारखाना त्याचाच, मग बोलणार कोण?

बाईच्या चटईवर माश्या घोंघावत होत्या. दामशेट हसला. "बघा साहेब, माझ्या मालाला एक माशी शिवलेली नाही!"

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

चांगुणाबाई पदर खोचून उठली. "शेट, बंदराच्या रिवाजानं आधी चिमूटभर चावून दाखवा. वाळू कचकचते का, ते साहेबांना कळू दे." असं म्हणून तिनं स्वतःचा जवळा तोंडात टाकलासुद्धा.

शेटनं चिमूट उचलली, ओठांपर्यंत नेली आणि तिथंच थांबला. "अरे, पाणी आणा कुणीतरी. धुऊन खातो."

"अवो शेट, ज्याला माशीसुद्धा शिवली नाही, त्याचं धुवायचं तरी काय?"

शेटनं चिमूट परत पोत्यात टाकली. साहेबांनी पेन खिशात ठेवलं, चटईपाशी उकिडवे बसले आणि माश्या वारून बाईच्या जवळ्यात हात घातला.

"घ्या साहेब, बिनघोर घ्या," बाई म्हणाली. "माश्यांनी चाखूनसुद्धा वर्षाला पुरेल एवढा आहे."