भुरीचे कान

प्राणी आपलं दुःख बोलून दाखवत त्या काळची गोष्ट. एका रानात करंजाखाली सशांचं ठाणं होतं. वाघाच्या तावडीतून सुटलेले, पिल्लू गमावलेले प्राणी तिथे येत आणि सशाच्या कानात मन मोकळं करत. संध्याकाळी सगळे ससे खडकावर जमून कान झटकत. दिवसभरात कानात काय अडकलंय ते एकमेकांना सांगत आणि मगच बिळात जात.

एकदा तिथे बगळा मुकादम म्हणून आला. "बाहेर एवढी रांग आणि तुमच्या गप्पा चालल्यात?" असं म्हणून त्याने कान झटकणं बंद केलं.

महिनाभरात भुरी सशिणीचे कान खाली लोंबू लागले. ते पाहून बगळ्याने सगळ्यांना उन्हात बसवलं आणि 'सदा उत्साही कसं राहावं' यावर व्याख्यान दिलं, तेही एका पायावर.

दुसऱ्या दिवशी एक हरिणी आली. ती टेकते न टेकते तोच भुरी म्हणाली, "होईल हो सगळं ठीक."

"अगं, मी अजून काही सांगितलंच नाही."

भुरी वरमली. "माफ कर बाई. आधीच्यांचंच अजून कानात आहे. नवं आत शिरतच नाही."

हरिणीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःचे कान टवकारले. "मग आधी ते सांग."

भुरी सांगू लागली. रांग थांबलेली पाहून बगळा लांबूनच ओरडला, "काय खोळंबा आहे?"

रांगेतलं कासव म्हणालं, "हळू बोला, साहेब. आज भुरीचा नंबर लागलाय."