बाईसाहेबांचा संयम

त्या राज्यात माणसं नव्हती, हत्यारं होती. आणि कित्येक पिढ्यांत लढाई झालेली नव्हती, त्यामुळे शूर सगळेच होते.

गादीवर तलवारबाईसाहेब. त्यांना उघडं कुणीच पाहिलेलं नव्हतं. दरसाल खंडेनवमीला त्यांची म्यानासकट पूजा व्हायची, झेंडूची माळ पडायची, आणि पूजेला बसलेला त्रिशूळ बजावायचा, "एकदा बाहेर निघाल्या की रक्त प्यायल्याशिवाय आत जायच्या नाहीत हो." ऐकून लहानसहान सुऱ्यांच्या अंगावर काटा यायचा.

खरं काय ते एकट्या म्यानरावांना ठाऊक. बाईसाहेब त्यांच्या पोटात गंजून अशा चिकटल्या होत्या, की फणसाचा चीकही लाजावा.

"चकार शब्द काढाल तर याद राखा," बाईसाहेब आतून दटावत. "मी नसले तर रिकाम्या म्यानाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

म्यानरावांना ते पटायचं.

एके साली शेजारच्या राज्यातल्या खांडासाहेबांनी निरोप धाडला, की मधलं कुरण कुणाचं ते समोरासमोर ठरवू. झालं. दोन्ही फौजा कुरणात येऊन उभ्या राहिल्या.

"म्यानराव, घाम फुटलाय का?" गोफणीनं विचारलं. तिची जीभ पहिल्यापासून सैल.

"थंडी वाजतेय," म्यानराव म्हणाले.

बाईसाहेबांना उपसायला कुणी पुढं होईना. जो उपसेल त्याचंच रक्त आधी प्यायल्या तर? शेवटी गदाक्का पुढं झाली. तिच्यात वजन होतं, विचार नव्हता. "सरका. मी ओढते."

मूठ धरून तिनं हिसडा दिला. बाईसाहेब हलल्या नाहीत. दुसऱ्या हिसड्याला म्यानरावांची शिवण उसवली. आता अब्रू गेली, असं वाटून म्यानरावांनी डोळे मिटले, आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं:

"बघून घ्या. गदाक्का ओढून दमल्या, पण बाईसाहेब बाहेर यायला राजी नाहीत. केवढा हा संयम."

"अगं बाई, खरंच की," गोफण म्हणाली. फौजेनं माना डोलावल्या.

पलीकडचं मखमली म्यान म्यानरावांकडे बराच वेळ टक लावून बघत राहिलं. मग खाकरून म्हणालं, "आमच्या साहेबांचा संयम तुम्ही अजून पाहिलाच नाहीत. ओढा रे."

चार भाले मुठीला लटकले. खांडासाहेब ढिम्म.

मग काय, चढाओढच लागली. ज्याचा संयम मोठा, त्याचं कुरण. दोन्हीकडून ओढाओढ चालली, आणि तेवढ्यात गाढवं येऊन सगळं कुरण चरून गेली.

ऊन कललं तशी दोन्ही म्यानांच्या उसवल्या शिवणींतून तांबूस भुकटी झरायला लागली. गदाक्कानं चिमूटभर उचलून भक्तिभावानं कपाळाला लावली. मग आपल्या फौजेनं लावली, मग पलीकडचेही रांगेत येऊन उभे राहिले. आत बाईसाहेबांचा आवाज बारीक बारीक होत चालला होता.

"शेवटच्यांना पुरेल ना हो?" मागून गोफणीनं विचारलं.

"पुरेल," म्यानराव म्हणाले. "अजून पुष्कळ आहे."