अंतरपाटाची दुसरी बाजू

मुलाचं लग्न म्हणजे जिंकलेली लढाई, असं वरपिता विश्वासराव काटकरांचं मत होतं. कराडच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला, तेवढ्यात त्यांना नवरीच्या मागे कॅमेरा घेऊन उभी असलेली शमिका दिसली.

"ही कोण?"

"माझी जोडीदार," नवरदेवामागे उभे असलेले फोटोग्राफर गजाभाऊ म्हणाले. "दुसरा कॅमेरा तिचा."

"एका लग्नाला दोन कॅमेरे कशाला? आम्ही वरपक्ष आहोत. फोटो आमच्याच बाजूने निघतील. पोरी, जा, जेवून घे!"

मुलीकडचे खाली बघू लागले. अंतरपाट काही दोनदा दूर होत नाही. शमिकाने शांतपणे कॅमेऱ्याला झाकण लावलं.

"जाते, काका. गजाभाऊ, नवरी हसेल तेव्हा छान टिपा. नवरदेवाचा फेटा काय, मागूनही शोभून दिसतोय."

"मागून?" विश्वासराव चमकले. "आणि माझ्या मुलाचं तोंड?"

"ते मुलीकडूनच दिसतं, काका."

भटजींनी घसा खाकरला. विश्वासरावांनी एकदा अंतरपाटाकडे, एकदा मुलाच्या पाठीकडे पाहिलं.

"झाकण काढ, पोरी," असं पुटपुटत ते स्वतःच मुलीकडच्यांत जाऊन उभे राहिले.