कोळसा वाढला!

टेकडीवरची लाकडी पवनचक्की उद्या पाडायची आणि तिच्या फळ्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जमा करायच्या, असा हुकूम घेऊन शिपाई आले तेव्हा येसू तिथेच जोंधळे दळत होती. चक्की तिच्या म्हाताऱ्या बापाची, हैबतीची. ती गेली तर बापलेकीने खायचं काय? येसूने हात झटकले आणि तशीच, पिठाने माखलेली, दरबारात जाऊन उभी राहिली.

उभं राहण्यात तसं विशेष काही नव्हतं, कारण अख्खा दरबार उभाच होता. सरदार उभे, पंडित उभे, नव्वदी ओलांडलेले राजवैद्यही खांबाला धरून उभे. दरबारातली सगळी आसनं केव्हाच चुलीत गेली होती. राजा धूम्रसेनाला मात्र वाटायचं, की मंडळी आपल्या धाकाने बसत नाहीत, आणि तो मनातून खूश असायचा. आसनं जळून झाली, तशी मुदपाकखान्याची नजर आता चक्कीवर गेली होती.

घोळ सगळा एका शब्दाचा. घरातले तांदूळ संपले तरी आपल्या बायका 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. फुटलेली बांगडीसुद्धा वाढते. राजाला ही रीत इतकी आवडली, की गादीवर बसल्या बसल्या त्याने 'संपणे' हा शब्दच राज्यातून हद्दपार केला. त्याच्याबरोबर सरणे, आटणे, खुंटणे आणि 'शिल्लक नाही' ही भावंडंही गेली. चुकून कुणाच्या तोंडून निघालाच, तर त्याने सूर्यास्तापर्यंत तोंडात पाण्याची गुळणी धरायची. बंदी राजाच्या पक्की लक्षात राहिली. 'वाढले' हे कशाच्या बदल्यात आलं, ते मात्र तो साफ विसरून गेला.

पुढे डोंगराखालची कोळशाची खाण उपसून उपसून रिकामी झाली. कोठीचे अधिकारी विसाजीपंत चाचरत म्हणाले, महाराज, कोळसा वाढला. राजाने त्यांना शाल पांघरली. त्यांनी पुन्हा एकदा रडवेल्या आवाजात तेच सांगितलं. राजाला ते आनंदाश्रू वाटले, आणि त्याने दुसरी शाल पांघरली. एका परीने ते बरंच झालं, कारण राजवाड्यात आता एकही शेगडी पेटत नव्हती.

चक्कीचा गुन्हा काय, असं येसूने विचारताच राजाने उलट तिलाच विचारलं, की काल तुझी चक्की बंद का होती?

"वारा पडला होता, महाराज."

"पडला. बरं, आणि सूर्य रोज संध्याकाळी काय करतो?"

"बुडतो."

"ऐकलंत?" राजाने दरबारावर नजर फिरवली. "एक पडतो, दुसरा बुडतो. माझा कोळसा मात्र वाढतो!"

दरबाराने उभ्या उभ्या माना डोलावल्या. राजाला आणखी चेव आला. पडणारा वारा आणि बुडणारा सूर्य माझ्या कोळशाहून मोठे आहेत, हे उद्या दिवस मावळायच्या आत पटवून दे, नाहीतर चक्की चुलीत, असं त्याने बजावलं. बंदी घातलेला शब्द अर्थातच वापरायचा नाही.

तोच शब्द येसूच्या जिभेवर येऊन टेकला होता. कोपऱ्यातला हुजऱ्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढे सरकलादेखील. येसूने शब्द गिळला आणि गोड हसली.

"महाराज, उद्या आमच्याकडे जेवायला या. सगळ्या दरबाराला घेऊन या. आमचे तांदूळ वाढलेत, डाळ वाढलीय, तूप तर कालच वाढलं."

दरबारी एकमेकांची नजर चुकवू लागले. चक्कीवालीच्या घरची इतकी सुबत्ता ऐकून राजाला जरा हेवाच वाटला, आणि त्याने आमंत्रण लगेच घेतलं.

घरी हैबतीने कपाळाला हात लावला. जोंधळ्याचं पीठ आणि डबाभर सांडगे सोडले तर घरात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कीपुढच्या अंगणात पंगत बसली. कित्येक महिन्यांनी बसायला मिळालं यातच दरबारी धन्य झाले. राजवैद्य तर टेकल्या टेकल्या झोपले. केळीची पानं मांडलेली, भोवती रांगोळी घातलेली. पानांवर मात्र काहीच नव्हतं.

राजाने वाट पाहिली. दोनदा खाकरला. शेवटी म्हणाला, "मुली, भात वाढ."

"तांदूळ वाढलेत, महाराज."

"मग वरण तरी?"

"डाळही वाढलीय."

"आणि तूप?"

"ते तर सगळ्यांच्या आधी वाढलं."

राजाने पान उलटून पाहिलं. खालीही काही नव्हतं. भुकेने त्याचा तोल सुटला.

"अगं, कुठं वाढलंय? हे तर सगळं संपलंय!"

हुजऱ्याने सवयीने तांब्या पुढे केला. राजाने तो घेतला आणि हातात तसाच धरून बसला. मग सावकाश विसाजीपंतांकडे वळला.

"पंत, कोळसा वाढला म्हणजे नक्की कसा वाढला?"

पंतांनी दोन्ही शाली सावरल्या. "हिच्या तुपासारखा, महाराज."

दरबार का उभा असतो आणि राजवाड्यात हुडहुडी का भरते, ते राजाला एकदम उमगलं. पण हट्टी माणूस तो. म्हणाला, "असेल. पण म्हणून तुझा वारा मोठा कसा झाला? तो पडतो, सूर्य बुडतो, हे तूच कबूल केलंस."

"पडतो की, महाराज. पण पुन्हा उठतो. सूर्य बुडतो आणि सकाळी वर येतो. कोळसा मात्र एकदाच वाढतो."

राजा असा खदखदून हसला, की तांब्यातलं पाणी मांडीवर सांडलं आणि राजवैद्य दचकून जागे झाले. चक्कीला कुणी हात लावायचा नाही, डोंगरावर आणखी चक्क्या उभारायच्या आणि त्या सगळ्यांची मुखत्यारी येसूकडे, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. गळ्यातला कंठा काढून तिला दिला. शब्दावरची बंदीही उठवली. तेव्हा सरदार एकमेकांना मिठ्या मारून, 'संपलं, संपलं' म्हणत नाचू लागले.

येसूने आतून टोपली आणली. वाऱ्याने दळलेल्या पिठाच्या भाकरी, उन्हात वाळलेल्या सांडग्यांची आमटी. वास येताच राजाने पान पुढे सरकवलं.

"वाढ लवकर."

"कसं वाढू, महाराज?" येसूने विचारलं. "कोठीतल्यासारखं, की पंगतीतल्यासारखं?"

राजा पुन्हा हसू लागला, आणि भाकरी पानात पडेपर्यंत हसतच राहिला.